वरच्यासकट वजन

वर्सोव्याला नाखव्याच्या शेडमध्ये छताला दोरांनी टांगलेलं एक विमानाचं धड आहे. पंख नाहीत, चाकं नाहीत, इंजिन केव्हाच काढून घेतलेलं. माझ्या भाड्याच्या खोलीत ते आडवं मावणार नाही एवढं लांब. होडी दुरुस्तीला घेऊन आलेला नवा माणूस खालून वर बघतो आणि विचारतो, "हे उडतं?" नाखवा हातातला ब्रश न थांबवता म्हणतो, "उडलं असतं." त्या उत्तराच्या मागे काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

मी माणदेशातली. वडिलांची पिठाची गिरणी आहे, आई गिरणीच्या मागच्या खोलीत शिवण करते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. गावातल्या मराठी शाळेतून निघून इंजिनिअर झाले आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. कंपनीतली मुलं फटाफट इंग्रजी बोलायची. मी मनात वाक्य जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी बाहेर पॅसेजमध्ये उभी राहायचे.

समोर एक अर्धा गाळा होता. एके दिवशी त्याचं शटर वर होतं आणि आत एक वयस्क गृहस्थ डब्याएवढी चकचकीत वस्तू डोळ्यांजवळ धरून बघत होते. मी दारातून विचारलं, "काका, हा पंप आहे का?"

"पंप नाय गो. इंजिन आसा. जेट."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी ती वस्तू माझ्या हातात दिली. पुढच्या जाळीतून फुंकर मारायला सांगितली. मी फुंकले तर आतलं पातं गरकन फिरलं आणि कितीतरी वेळ फिरतच राहिलं.

ते सांताक्रूझच्या हँगरमधून विमान दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले होते. वडील कोकणातून आलेले गिरणी कामगार. माझे वडीलही गिरणीत असतात असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "खंयची गिरण? लालबाग की परळ?"

"पिठाची," मी म्हणाले.

ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. त्या दिवसापासून मी डबा त्यांच्या गाळ्यात खायला लागले आणि ते मला गिरणवाली म्हणायला लागले.

मॉडेल विमान म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर पोरांच्या हातातलं काहीतरी येतं. काकांचं जेट तसं नव्हतं. पंख जोडले तर ते गाळ्यात मावत नसे. एक पंख शटरबाहेर पॅसेजमध्ये यायचा आणि चहावाला त्याच्याखालून वाकून जायचा. चाकं पोटात जायची, दिवे लागायचे, टाकीत रॉकेल आणि त्यात थोडं ऑइल. काकांनी ते वर्षानुवर्षं जमवलं होतं. दुसऱ्यांची विमानं तपासून सोडण्यात आयुष्य गेलं, आता एक आपल्या हातचं आपणच उडवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. उडवायचं म्हणजे स्वतः, रिमोट स्वतःच्या हातात घेऊन.

इंजिन पहिल्यांदा चालवलं ते रविवारी, वसाहतीच्या मागच्या आवारात, लोखंडी घोडीला बांधून. आधी कुकरची शिटी येण्यापूर्वीचा आवाज, मग तो चढत चढत असा काही झाला की वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आला. शेजारच्या छपाईवाल्याने बाहेर वाळत घातलेली लेबलं पार कंपाउंडच्या भिंतीला जाऊन चिकटली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "सदर आवारात विमान चालू करण्यास सक्त मनाई आहे."

काकांनी मला ती दोनदा वाचायला लावली. "विमान लिवलां ना? मॉडेल नाय ना लिवलां?"

"विमानच लिहिलंय."

"मगे ऱ्हवंदे," ते म्हणाले आणि खुशीत निघून गेले.

वाचायचं काम माझ्याकडे का आलं, तर काकांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, पण बाजूचं हळूहळू काळोखात चाललं होतं आणि बारीक अक्षरं दमवायची. ड्रोनचे सरकारी नियम अशा विमानालाही लागू होतात. ते मी मोबाइलवर काढून त्यांना वाचून दाखवायचे. एकेक वाक्य आधी इंग्रजीत, मग माझ्या मराठीत. ते म्हणायचे, "परत वाच." माझं इंग्रजी कुणी परत ऐकायला मागितलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. उच्चार चुकला तर ते सुधारायचे नाहीत. अर्थ चुकला तर मात्र थांबवायचे. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी पुढे जे काही बोलायला शिकले ते त्या गाळ्यात, रेझिनच्या वासात.

सरकारच्या नकाशावर विमानतळाभोवतीचा पट्टा लाल. अंधेरी लाल, सांताक्रूझ लाल. लाल म्हणजे परवानगीशिवाय जमिनीपासून वीतभरही वर नाही. दिवसभर आमच्या डोक्यांवरून शेकडो माणसांची विमानं जायची आणि ती जायची म्हणूनच आमचं एक जाऊ शकत नव्हतं. यात कुणाची चूक नाही, हे काकांनीच मला सांगितलं. "थय बसलेल्या माणसांका आपला खेळ माहीत नाय," ते म्हणाले.

दुसरा नियम नजरेचा. मॉडेल उडवणाऱ्याला ते सतत दिसलं पाहिजे. हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं नाही.

तिसरा नियम वजनाचा. पंचवीस किलोपर्यंत ते मॉडेल. त्याच्या वर गेलं की कायद्याच्या दृष्टीने मॉडेल नाही, मोठ्या मानवरहित विमानांच्या रांगेत, आणि तिथली प्रमाणपत्रं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. हे वजन उडतानाचं, इंधनासकट धरायचं, इंग्रजीत 'ऑल-अप वेट'. ते मी मराठीत कसं सांगावं याचा जरा विचार केला आणि म्हणाले, "वरच्यासकट एकूण वजन."

"वरच्यासकट. बराबर," काका म्हणाले.

धड बनवायला त्यांनी नाखव्याला गाठलं होतं. नाखव्याचं घराणं वर्सोव्याचं, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीतलं. स्वतः तो आता फायबरच्या होड्या बनवतो. साचा आमच्या कंपनीत मी केला, साहेबांनी सुट्टीच्या दिवशी जागा वापरू दिली. त्या साच्यात काचतंतूंचं कापड आणि ते चिकटवणारं रेझिन बसवायचं काम नाखव्याचं. किती थर द्यायचे ते काकांनी सांगितलं होतं. नाखवा ऐकत होता आणि धडावरून हात फिरवत होता.

"एवढं पातळ?" तो म्हणाला. "हात लावला तरी वाकंल."

"हवेत जाणार आसा रे, दर्यात नाय."

"दर्या काय न हवा काय, माणूस तरी खालीच हाय ना."

धड दोन भागांत तयार झालं आणि आम्ही आणायला गेलो. शेडबाहेर बोंबील वाळत होते. वजन करायला नाखवीण मासळीचा ताणकाटा घेऊन आली. बांबूला काटा टांगला, काट्याला धड, आणि ते वाऱ्याने फिरू नये म्हणून मी एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला हात धरून उभे. काटा नाखविणीने वाचला. "पुढचा पाच," ती म्हणाली. मग दुसरा भाग. "मागचा चार."

नऊ. काकांनी मनात बेरीज केली. पंख, इंजिन, चाकं, रॉकेल सगळं आधीच वेगवेगळं मोजलेलं होतं. साडेचोवीसच्या जरा वर, पंचवीसच्या आत. त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

"उडतला," ते म्हणाले.

"उडंल नाय तर तरंगंल तरी," नाखवीण म्हणाली. "आमच्यांच्या हातचं हाय."

जोडणी चालू असताना संध्याकाळी आम्ही वसाहतीच्या गच्चीवर जायचो. घाटकोपरच्या बाजूने विमानं उतरायला येतात ती तिथून दिसतात. काका एक विमान निवडायचे आणि मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्याच्या मागे जायचे. "नजरेत धरून ठेवायचा," ते म्हणायचे. "सुटला की गेला." सुरुवातीला ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत विमान धरायचे. मग मोबाइलच्या टॉवरपर्यंत. नंतर टॉवरच्या अलीकडेच म्हणायला लागले, "गेला." मला ते पुढेही लख्ख दिसत असायचं. घाई कशाची आहे हे आम्हा दोघांना न बोलता कळलं होतं. डॉक्टरांच्या थेंबांनी डोळे थोपवून धरले होते, एवढंच.

उडवायला जागा माझ्या गावची सुचली. गावाबाहेर माळावर बायपासचा एक सरळ डांबरी तुकडा अर्धवट पडून आहे, दोन्ही टोकांना रस्ताच नाही. नकाशावर आमचा माळ हिरवा होता. वडिलांनी ग्रामपंचायतीत आणि पोलिस ठाण्यात जाऊन सांगून ठेवलं. फोनवर मला म्हणाले, "हवालदार विचारत होते, विमान केवढं? मी म्हटलं, माझ्या पोरीनं साचा केलाय." केवढं ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.

टेम्पोत गोधड्या अंथरून आम्ही जेट नेलं. नाखवाही बरोबर आला. त्याने माळ पहिल्यांदाच बघितला. टेम्पोतून उतरून तो म्हणाला, "हा तर आमचा दर्याच हाय, पाणी आटलेला."

गिरणीपुढच्या अंगणात आम्ही पंख जोडले. पूर्ण विमानाचं एकदम वजन करायची संधी पहिल्यांदाच मिळत होती, कारण गिरणीत पोत्यांचा मोठा काटा होता. टाकी भरून, सगळं जोडून, चौघांनी उचलून त्यावर ठेवलं. वडिलांनी आकडा वाचला.

"सव्वीस."

"परत बघा," मी म्हणाले.

"सव्वीस आणि थोडं वर." मग सवयीने म्हणाले, "वरचं सोडा, सव्वीसच धरा."

'वरचं' या शब्दाबरोबर काकांनी मान वळवून नाखव्याकडे बघितलं. तो विमानाच्या शेपटीकडे बघत होता.

"थर किती दिलंस?"

"तुमी सांगितलं तेवढं."

"आणि?"

"आणि एक वर," नाखवा म्हणाला. "आतून. पहिली होडी असली की एक थर वरचा द्यायचा, आमच्यात तसंच हाय. त्याचा हिशेब नाय धरत."

काकांनी त्याला शेडवर फोन लावायला सांगितला. नाखविणीने ते नऊ किलो कसे वाचले ते शांतपणे सांगितलं. पुढचा भाग पाचच्या बराच पुढे होता, पावणेसहाच्या आसपास, मागचाही तसाच, पावणेपाचच्या आसपास. "वरचं मी कुनाचं धरलंय कधी?" ती म्हणाली. "गिऱ्हाईकाला पाच सांगायचं, वरचं तसंच द्यायचं. तुमच्याकडनं वरचं मोजून घेऊ काय मी?"

कुणाला बोलायचं? माझ्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं आहे. दळण काट्यावर थोडं जास्त भरलं तर ते वर जातं, त्याचे पैसे नाहीत. आमच्या घरात तो प्रामाणिकपणाच्याही पुढचा गुण समजला जातो.

वडील काकांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "काका, इथं कोण बघतंय? माळावर तुम्ही आणि आम्ही. काटा माझा आहे. मी पंचवीस म्हणतो."

"मी बघतंय ना," काका म्हणाले. मग मालवणी सोडून साध्या मराठीत, वडिलांना नीट कळावं म्हणून: "मी हँगरला होतो तेव्हा माझी सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. थोडंसंच आहे, सोडा, असं मला रोज कोणीतरी म्हणायचं. चांगलीच माणसं असायची ती. घाईत असायची."

मी रॉकेल कमी करायचं सुचवलं. अर्धी टाकी काढली तर वजन बसत होतं. ते म्हणाले, उतरताना एकदा अंदाज चुकला तर परत वर जाऊन फेरी मारायला तेल लागतं, आणि अंदाज चुकणार, कारण डोळे असे आहेत. नाखवा म्हणाला, आतला थर घासून काढतो. थर निघाला तरी एकसारखा निघणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

आईने जेवायला वाढलं. काकांना भाकरी आवडली, त्यांनी आणखी मागून घेतली. जेवण झाल्यावर म्हणाले, "एवढ्या लांब आणलां. धावडवूया तरी. जमिनीवर धावण्याक मनाई नाय."

ऊन उतरल्यावर आम्ही रस्त्यावर गेलो. वडिलांनी दगड वेचून काढले होते आणि आईने कोणाला न विचारता रस्ता झाडून घेतला होता, दोन्ही कडांपर्यंत, अंगणासारखा. काकांनी रिमोटचा पट्टा गळ्यात घातला. इंजिन सुरू झालं. माळावर आवाजाला अडवायला काहीच नसतं. शेळ्या एकदम एका बाजूला सरकल्या.

काकांनी रिमोटची काडी पुढे ढकलली. जेट हललं, मग चालायला लागलं, मग धावलं. धड जड होतं तरी ते जड दिसत नव्हतं. मावळतीच्या उजेडात पांढऱ्या पंखांखालून धूळ उठत होती. आणि अर्ध्या रस्त्यावर त्याचं नाक उचललं. पुढचं चाक जमिनीपासून सुटलं, हातभर असेल, आणि तसंच वर राहिलं. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणखी थोडं पुढे ढकललं असतं तर मागची चाकंही सुटली असती.

"सोड रे," नाखवा पुटपुटला. "सोड, जाऊं दे."

मी काकांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो काडीवर होता. त्यांनी तसंच नाक वर धरून ते रस्त्याच्या बऱ्याच पुढपर्यंत धावू दिलं, जेवढं देता येईल तेवढं. मग काडी मागे घेतली. नाक हळूच खाली आलं.

रस्ता सरळ होता, म्हणून त्यांना ते शेवटपर्यंत दिसलं. परतताना टेम्पोत हेच त्यांनी मला सांगितलं.

साचा आमच्याकडे होताच. दुसरं धड करायचं तेव्हाच ठरलं. पण कंपनीची कामं आली, मग दमट हवा आली. तशा हवेत रेझिन नीट सुकत नाही. तोवर काकांच्या डोळ्यांच्या कडा आणखी आत सरकल्या. एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी विमान निवडलंच नाही. म्हणाले, "आता तू शिक. नजर तुझी. मी कान देतंय." मी सुट्टीत गावी गेले की थर्माकोलचं छोटं विमान माळावर उडवते. तीनदा बाभळीत अडकलं. वडील शिडी घेऊन तयारच असतात.

जुनं धड नाखव्याने मागून घेतलं. फेकायला त्याचं मन होईना. नारळी पौर्णिमेला नाखविणीने होड्यांबरोबर त्यालाही कुंकू लावलं, ते अजून नाकावर आहे. काका शेडमध्ये आले की हात वर करून त्या धडाच्या आत बोटं घालतात आणि वरच्या थराची कड चाचपतात. नाखवा तेव्हा दुसरीकडे बघतो.

गेल्या रविवारी दुसरं धड साच्यातून निघालं. थर बसवताना मी शेजारी उभी होते. शेवटच्या थरानंतर नाखव्याचा हात कापडाच्या गुंडाळीकडे गेला, तिथेच थांबला, आणि मग त्याने ब्रश धुवायला थिनरमध्ये बुडवला.

वजन करायला तोच ताणकाटा, तोच बांबू. नाखविणीने दोन्ही भागांचे आकडे वाचले, शेवटच्या बारीक रेघेपर्यंत. बेरीज नऊच्या आत आली. बोलताना तिचा चेहरा पडला होता.

"वर?" काकांनी विचारलं.

"वर काय नाय. समदं मोजलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या पिशवीत मूठभर सुके बोंबील कोंबून आत निघून गेली.

आम्ही बाहेर येऊन खाडीच्या काठाला उभे राहिलो. मढची फेरी पलीकडे लागत होती. तेवढ्यात सांताक्रूझहून एक विमान उठलं आणि समुद्रावर आलं. काकांनी आवाजाकडे तोंड केलं. त्यांनी जिथे बघितलं तिथून ते केव्हाच पुढे गेलं होतं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही. दिसतंय अजून."

"मगे धरून ठेव."

मी डोळे न हलवता बघत राहिले. उन्हात ते एकदा चमकलं, मग अगदी बारीक झालं. काकांनी आणखी एकदा विचारलं, "अजून दिसता?" आणि मी हो म्हणाले.